शिक्षकाला कामावरून काढणं इतकं किचकट का असतं?

३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या २५ हजारांहून अधिक शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका एका निकालात रद्द केल्या. पुढे १ सप्टेंबरला, महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेलेल्या अपिलांवर, त्याच न्यायालयाने टीईटीबाबत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. तेव्हापासून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच धास्ती आहे: आपल्यालाही असं एका फटक्यात काढतील का?

पालकांचा प्रश्न नेमका उलटा असतो. पोराला वळ उठेपर्यंत मारणाऱ्या किंवा महिनोन्‌महिने शाळेकडे न फिरकणाऱ्या गुरुजींना सरळ घरी का पाठवत नाहीत? ‘निलंबित’ एवढीच बातमी येते आणि काही काळाने तेच गुरुजी शेजारच्या तालुक्यात हजर होतात.

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. शिक्षकाला काढता येतं. पण काढण्याची रीत कायद्याने ठरवून दिलेली आहे आणि ती रीत मोडली की आदेश कोर्टात टिकत नाही, मग शिक्षक कसाही असो. ही रीत महाराष्ट्रात नेमकी काय आहे, ते बघू.

### निलंबन म्हणजे नोकरी गेली असं नाही

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून बाजूला ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी शाबूत असते, फक्त पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या वेतनाच्या हिशेबाने. हा भत्ता अडवून चौकशी चालवली आणि त्यामुळे शिक्षकाला चौकशीला येणंच परवडलं नाही, तर तेवढ्यावरही चौकशी रद्द होऊ शकते.

दोषारोपपत्र न देता माणसाला वर्षानुवर्षं लटकत ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटू नये.

खरी शिक्षा म्हणजे सेवेतून काढून टाकणं किंवा बडतर्फ करणं. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नियमांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढून टाकलेल्याला पुढे दुसरी सरकारी नोकरी धरता येते, बडतर्फ झालेल्याला ते दार सर्वसाधारणपणे बंद होतं. नोकरी मात्र दोन्हीत जाते, म्हणून या लेखात दोन्हींना ‘बडतर्फी’च म्हणू.

### शाळा कोणाची?

दाद कुठे मागायची, हे शाळा कोणाची आहे यावर ठरतं. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवून मग ‘इथे तुमचं प्रकरण चालत नाही’ असं ऐकणारे लोक आहेत, म्हणून हे नीट लक्षात ठेवावं.

राज्य सरकारच्या स्वतःच्या शाळेतला शिक्षक हा सरकारी नोकर. त्याला राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण आहे. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने त्याला काढायचं नाही आणि आरोप कळवून, बाजू मांडू देऊन, चौकशी केल्याशिवाय काढायचं नाही. आधी खात्यात अपील, मग मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मॅटमध्ये जायला अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू होतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी काढलं तर अपील विभागीय आयुक्तांकडे, आणि तिथेही निराशा झाली तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सरकारी पगार घेत असले तरी झेडपीच्या शिक्षकांचं प्रकरण मॅटमध्ये जात नाही. इथे हमखास घोळ होतो.

आणि तिसरा प्रकार, ज्यात सगळ्यात जास्त रामायण घडतं, तो म्हणजे संस्थेची शाळा.

### संस्थेची शाळा आणि १९७७ चा कायदा

पगार सरकारी तिजोरीतून, पण नेमणूक आणि शिस्त संस्थाचालकांच्या हातात, अशी अनुदानित शाळांची रचना. विनाअनुदानितमध्ये तर दोन्ही संस्थेकडेच. एके काळी अध्यक्षांची मर्जी फिरली की शिक्षकाची नोकरी जायची. त्याला लगाम म्हणून महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आला. शिक्षक त्याला ‘एमईपीएस’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. त्याचे नियम १९८१ चे आहेत आणि अनुदान असो वा नसो, मान्यताप्राप्त खाजगी शाळेला ते लागू होतात.

या कायद्याने खास शाळांसाठी न्यायाधिकरण दिलं, ज्याला सगळे ‘स्कूल ट्रिब्युनल’ म्हणतात. तिथे न्यायाधीश बसतात. बडतर्फी, पदावनती, बढतीत डावलणं, एवढ्याच गोष्टींचं अपील तिथे चालतं. नुसत्या निलंबनाचं चालत नाही. मुदत फक्त ३० दिवस, आदेश हातात पडल्यापासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘अध्यक्षसाहेब म्हणाले बघू, म्हणून थांबलो’ हे कारण फार दुबळं ठरतं. संस्थेच्या तोंडी आश्वासनावर हे ३० दिवस घालवणं, ही या सगळ्या प्रकारातली सर्वात महाग चूक. ट्रिब्युनलला आदेश स्थगित करण्याचाही अधिकार आहे. तो लवकर गेलं तरच उपयोगाचा, कारण रिकाम्या जागेवर एकदा दुसरा माणूस बसला की स्थगितीला फारसा अर्थ उरत नाही.

प्रत्यक्षात पुष्कळदा आदेशच नसतो. जूनमध्ये शाळा उघडते, बाई नेहमीप्रमाणे येतात, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर मस्टर नसतं. ते कपाटात असतं आणि किल्ली ‘ऑफिसमध्ये’ असते. लिपिक मान वर न करता म्हणतो, तुम्हाला आत घेऊ नका असं सांगितलंय. कागदाचा चिटोरा नाही, तारीख नाही, कारण नाही. उद्या कोर्टात संस्था म्हणणार, बाई स्वतःहूनच यायच्या बंद झाल्या.

कायद्यात मात्र ‘अन्य प्रकारे सेवा संपुष्टात आणणं’ असे शब्द आहेत. त्यात हे तोंडी हाकलणंही येतं आणि त्यावर अपील होतं. फक्त ते सिद्ध करावं लागतं. म्हणून जाणते लोक त्याच दिवशी मुख्याध्यापकांना, संस्थेच्या सचिवांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहितात: आज अमुक वाजता शाळेत आलो, मस्टरवर सही करू दिली नाही, मी काम करायला तयार आहे. पत्र रजिस्टर्ड टपालाने जातं आणि पावती जपून ठेवली जाते. स्वतः कोणी सोडून जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘कामावर घ्या’ म्हणून पत्र लिहीत नाही, एवढं कोणत्याही न्यायाधीशाला कळतं.

दुसरी युक्ती राजीनाम्याची. काही संस्था नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवतात आणि वेळ आली की वर मजकूर टाईप करतात. एमईपीएसच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत म्हणूनच सांगून ठेवली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर्ड टपालाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. संस्थेच्या फाईलमधून अचानक निघालेला, टपालाचा शिक्काच नसलेला राजीनामा न्यायाधिकरणासमोर संशयाच्या फेऱ्यात येतो, तो यामुळे.

### परिवीक्षेवरच्या शिक्षकाचं काय?

इथे संरक्षण पातळ आहे, हे कबूल करायला हवं. परिवीक्षा म्हणजे पारखण्याचा काळ: कायद्याने दोन वर्षं, शिक्षण सेवकाला तीन. काम समाधानकारक नसेल तर या काळात एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन संस्था सेवा संपवू शकते. पूर्ण चौकशीची गरज नाही.

तरी दोन अडचणी संस्थेपुढे उरतात. काम वाईट होतं म्हणायचं, तर त्याची नोंद हवी: वर्ग तपासणीचे शेरे, दिलेल्या समजा, गोपनीय अहवाल. आदल्या महिन्यापर्यंत सगळं ‘चांगलं’ आणि अचानक ‘असमाधानकारक’, हे पटत नाही. शिवाय सेवासमाप्तीच्या पत्रात ‘तुम्ही पैशांचा अपहार केला’ असं काही लिहिलं, की ते साधं पत्र उरत नाही. तो ठपका झाला, आणि ठपका ठेवायचा तर चौकशी आलीच. गमतीची गोष्ट अशी की संस्थेच्या वकिलाने लिहिलेलं दोन ओळींचं कोरडं पत्र टिकतं आणि अध्यक्षांनी रागाने स्वतः लिहिलेलं दोन पानी पत्र पडतं.

नेमणूकच नीट झाली नव्हती, हा संस्थेचा आणखी एक आवडता बचाव. जाहिरात नव्हती, जागा आरक्षित प्रवर्गाची होती, मान्यता नव्हती, वगैरे. मान्यतेचा मुद्दा वाटतो तेवढा जड नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मुख्यतः अनुदानातून पगार निघण्यासाठी असते. ती नाही म्हणून नेमणूक आपोआप बेकायदा ठरत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. आरक्षित जागेवर खुल्या प्रवर्गातून झालेली नेमणूक मात्र खरोखर अडचणीत येते. ज्यांनी स्वतः नियम डावलून नेमलं त्यांनीच नंतर तो नियम दाखवून काढायचं, यात कसला न्याय, असं कोणालाही वाटेल. पण कायम जागेवर रीतसर नेमणूक झाल्याचं दाखवण्याची जबाबदारी शिक्षकावर येते, आणि तिथे भली भली प्रकरणं आपटतात.

### चौकशीत नेमकं काय व्हायला हवं

कायम शिक्षकाला काढायचं तर चौकशी टळत नाही. आधी आरोपांचं निवेदन, त्यावर शिक्षकाचा खुलासा, तो पटला नाही तर चौकशी समिती आणि दोषारोपपत्र.

एमईपीएसच्या नियम ३६ मधली समिती मला या कायद्यातली सगळ्यात हुशार तरतूद वाटते. सदस्य तीन: एक संस्थेचा, एक खुद्द शिक्षकाने निवडलेला खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. म्हणजे आरोपीचा माणूस न्याय करणाऱ्यांत बसतो, आणि तिसरा ज्याच्याकडे झुकेल त्याचं पारडं जड. तिघांनी एकत्र बसून निष्कर्ष काढायचा असतो. घरी बसून ज्याने त्याने आपापला अहवाल धाडला तर चौकशी टिकत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. सगळं साधारण १२० दिवसांत उरकावं, असा नियम आहे.

पण गाडी अडते ती उलटतपासणीत. साक्षीदार म्हणून मुख्याध्यापक जबाब देतात, ‘हे वारंवार उशिरा यायचे.’ शिक्षकाने विचारायचं: कोणत्या तारखांना? मस्टरवर उशिराची लाल खूण कुठे आहे? ‘वारंवार’ला तारखाच नसतील तर आरोप तिथेच पातळ होतो. म्हणून मोघम दोषारोपपत्र (‘वर्तन असमाधानकारक’, ‘संस्थेच्या हिताविरुद्ध काम’) शिक्षकाच्या पथ्यावर पडतं. ज्यावर उत्तरच देता येत नाही असा आरोप म्हणजे बाजू मांडायची संधीच नाकारणं. दोषारोपपत्रासोबत कागदपत्रं दिली नसतील तर ती लेखी मागायची, आणि नाही मिळाली तर तेही लेखी नोंदवायचं. इतिवृत्तावर सही करताना ‘वाचून, आक्षेपांसह’ असं लिहून सही करणारे शिक्षक पुढे सुखी होतात.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षकाला मिळालीच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळही. हे १९९३ पासून पक्कं झालेलं आहे. प्रत दिली नाही एवढ्याने मात्र सगळं रद्द होत नाही. न दिल्यामुळे आपलं नुकसान काय झालं, हे दाखवावं लागतं.

### कोर्ट पुन्हा चौकशी करत नाही

उच्च न्यायालयात गेलेल्या अनेकांची इथे निराशा होते. त्यांना वाटतं, आता न्यायाधीशांसमोर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगू. रिट याचिकेत तसं होत नाही.

क्रिकेटमधला डीआरएस आठवा. तिसरा पंच चेंडू पुन्हा टाकायला लावत नाही. मैदानावरच्या पंचाची चूक ढळढळीत दिसली तरच तो निर्णय फिरवतो. चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाणार असेल तर ‘अंपायर्स कॉल’, मूळ निर्णय कायम. उच्च न्यायालयही हेच बघतं: रीत पाळली का, निष्कर्षाला थोडातरी पुरावा आहे का, चौकशी करणारा पूर्वग्रहदूषित होता का. पुरावा दोन्हीकडे झुकू शकतो असं असेल, तर चौकशी समितीचं मत राहतं.

शिक्षेच्या प्रमाणाचंही तसंच. न्यायाधीशांना ‘मी असतो तर एवढी कडक शिक्षा दिली नसती’ वाटणं पुरेसं नाही. शिक्षा इतकी बेतालपणे जास्त हवी की न्यायबुद्धीला धक्का बसावा. दोनदा रजा न टाकता गैरहजर म्हणून २० वर्षांची नोकरी घालवली, अशा उदाहरणात तो धक्का बसू शकतो. स्कूल ट्रिब्युनलचे हात यापेक्षा मोकळे आहेत. बडतर्फीऐवजी हलकी शिक्षा द्यायचा अधिकार कायद्यानेच त्याला दिला आहे. म्हणून संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकाने आपला सगळा दारूगोळा ट्रिब्युनलमध्येच वापरावा, पुढच्या कोर्टासाठी राखून ठेवू नये.

### ‘म्हणजे दोषी माणूस तांत्रिक मुद्द्यावर सुटतो?’

कधीकधी, हो. पण तो कोणामुळे सुटला हेही विचारावं. समिती नीट नेमली नाही, साक्षीदारांना बोलावलं नाही, अहवाल दिला नाही, हे सगळं संस्थेच्या किंवा अधिकाऱ्यांच्या हातात होतं. माझं मत स्पष्ट आहे: घाईघाईने काढलेला बडतर्फीचा आदेश म्हणजे दोषी शिक्षकाला परत येण्याचं तिकीट. लोकांचा राग शांत करायला दुपारी आदेश काढायचा आणि काही वर्षांनी मागच्या पगारासकट त्याच माणसाला हजर करून घ्यायचं, याने मुलांचं काहीच भलं होत नाही.

शिवाय चौकशी सदोष ठरली म्हणजे आरोप पुसले जातात असंही नाही. बऱ्याचदा कोर्ट सांगतं, जिथे चूक झाली तिथून चौकशी पुन्हा करा, आणि तोवर शिक्षक पुन्हा निलंबित.

### ‘मुलींशी गैरवर्तन केलं असेल तरी एवढे सोपस्कार?’

हा आक्षेप रास्त आहे आणि कायद्यालाही तो कळतो. नवोदय विद्यालय समितीच्या एका प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं मानलं की अशा प्रसंगी विद्यार्थिनीला त्याच शिक्षकाच्या उलटतपासणीला उभं करणं तिच्यावर दुसरा अन्याय आहे, आणि प्राथमिक चौकशीत तथ्य आढळल्यावर नेहमीची विस्तृत चौकशी न करता काढणं वैध ठरवलं. मात्र त्या संस्थेच्या नियमांतच तशी खास तरतूद होती. नियमात तरतूद नसलेल्या संस्थेने तिचा हवाला देऊन चौकशीला फाटा देऊ नये.

फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी एकाच वेळी चालू शकतात. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, खात्याच्या चौकशीत ‘हे घडलं असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं पुरतं. त्यामुळे कोर्टातून सुटलेला शिक्षकही नोकरी गमावू शकतो, तसंच काही वेळा दोन्हीकडे आरोप आणि पुरावा अगदी तोच असेल तर सुटका त्याच्या कामी येते. खटल्यात शिक्षा झाली, तर कलम ३११ खाली वेगळी चौकशी लागतही नाही.

### मग बंगालमध्ये हजारोंची चौकशी कुठे झाली?

झाली नाही, कारण ती बडतर्फी नव्हती. तिथे भरतीची प्रक्रियाच इतकी किडलेली निघाली की चांगलं-वाईट वेगळं काढणं शक्य नाही, म्हणून सगळी भरती मुळातून रद्द झाली. गैरप्रकारात सापडलेल्यांना पगार परत करायला सांगितलं, ज्यांच्यावर डाग नव्हता त्यांना नाही. प्रामाणिकपणे परीक्षा देऊन लागलेल्या माणसाला हा फरक काय दिलासा देणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण कायद्याच्या नजरेत ‘तू गुन्हा केलास’ आणि ‘तुझी नेमणूकच वैध नव्हती’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि शिस्तीच्या चौकशीचं संरक्षण फक्त पहिल्यापुरतं.

टीईटीचंही तसंच. तिथे शिक्षकाचा दोष नाही, किमान पात्रतेचा सवाल आहे. म्हणून दोषारोपपत्र, साक्षीदार यातलं काही येत नाही आणि टीईटीच्या धास्तीला बडतर्फीच्या नियमांत उत्तर सापडत नाही. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना या निकालाने नोकरीत राहू दिलं, पण टीईटीशिवाय बढती नाही.

### जिंकलात, तर काय मिळतं?

मुख्यतः तीन गोष्टी: नोकरी परत, सेवा अखंड, आणि मधल्या काळाचा पगार. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेच्या प्रकरणात ट्रिब्युनलने पूर्ण मागचा पगार दिला, उच्च न्यायालयाने तो काढून घेतला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केला. सेवा बेकायदा संपवली असेल तर मागच्या पगारासह पुन्हा नोकरी हाच सामान्य नियम, असं त्या निकालात आहे. शिक्षकाने फक्त एवढं मांडायचं की मधल्या काळात आपल्याला दुसरी कमाई नव्हती, किंवा तुटपुंजी होती. ती चांगली होती हे सिद्ध करण्याचं काम संस्थेचं. हे वाक्य अपिलात लिहायचंच राहून गेलं म्हणून लाखोंवर पाणी सोडावं लागू शकतं.

ट्रिब्युनलला वाटलं की आता परत एकत्र काम होणं शक्य नाही, तर नोकरीऐवजी भरपाई देता येते: दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर १२ महिन्यांचा पगार, त्याहून कमी असेल तर सहा महिन्यांचा. आजच्या बाजारात ही रक्कम फारच तोकडी आहे, आणि संस्थांनाही ते पक्कं ठाऊक असतं.

कायदा म्हणतो, ट्रिब्युनलने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. मग संस्था उच्च न्यायालयात जाते, तिथे आदेशाला स्थगिती मागते, आणि शिक्षकाचा वकील सांगतो की स्थगिती द्यायचीच असेल तर मागचा पगार आधी कोर्टात जमा करायला लावा. ही अट लागली की काही संस्थाचालकांना अचानक तडजोडीची आठवण होते.